शटर खाली, काम चालू

सकाळी पावणेआठला माझा आतेभाऊ घरी येतो तेव्हा बाबांचा दुसरा चहा चाललेला असतो. घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या दोन खोल्या. हा तीन वर्षांपूर्वी संगमेश्वरहून नोकरीसाठी आला आणि आमच्याकडेच राहिला. मुलुंडच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तो रात्री माल लावतो. रात्री दहा ते सकाळी सात. बाबा अंधेरीच्या एका सहकारी ग्राहक भांडारात छत्तीस वर्षं होते, आधी काउंटरला, मग गोदामात. 2015 साली निवृत्त झाले. म्हणजे मामा-भाचे दोघंही दुकानातलेच, पण दोघांच्या दुकानांची एकमेकांशी ओळख नाही. भाचा झोपायच्या आधीचा अर्धा तास आमच्याकडे रोज वादाचा असतो. एका रविवारचा वाद जरा लांबला. आठवतो तसा लिहिते. मधे मधे मीही नाक खुपसलंय, ते काढून टाकलेलं नाही.

बाबा : रात्री काय लावलंस?

भाचा : तेल, मीठ, साखर, साबण. पगाराचा आठवडा येतोय ना मामा. लोक महिन्याचं सामान भरतात. भिवंडीहून दोन गाड्या आल्या, एक साडेदहाला, दुसरी पार दीडला.

बाबा : दीडला गाडी! आमचा टेम्पो सकाळी दहाला यायचा. हमाल पोती उतरवायचे, मी चलनावर टिक करायचो. संध्याकाळी शटर पडलं की पडलं.

भाचा : आता एलबीएस रोडवर दिवसा मोठी गाडी लावून दाखवा. एकीकडे मेट्रोचे खांब, दुसरीकडे रिक्षा. आणि उतरवलेला माल न्यायचा कुठून, गिऱ्हाइकांच्या पायांतून? हे काम रात्रीच होतं.

बाबा : होतं रे. पण रात्रीच का होतं, हे कुणी विचारायचंच नाही का? आम्ही वर्षातून एक रात्र जागायचो, 31 मार्चची. स्टॉक टेकिंग. साखरेचं शेवटचं पाकीट मोजून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. पुरीभाजी यायची, ओव्हरटाइम मिळायचा, दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं. त्या एका रात्रीची गोष्ट आम्ही वर्षभर सांगायचो. तू तर रोजच 31 मार्च करतोस.

भाचा हसला. त्याच्या हाताला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. आंघोळ करूनही तो जात नाही.

हे काम मी पाहिलेलं नाही, त्याच्याकडून ऐकलंय. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की अर्धे दिवे मालवतात आणि एसी बंद होतो. मागच्या गोदामातून हायड्रॉलिक ट्रॉलीवर खोके रचून आणायचे आणि कटरने फोडायचे. कटरचं पातं नखभरच बाहेर काढायचं. जास्त काढलं तर खोक्याबरोबर आतलं पाकीटही फाटतं आणि ते ‘डॅमेज’मध्ये लिहावं लागतं. सगळ्यांत वाईट तेलाच्या पिशव्या. खोक्यातली एक गळली तरी बाकीच्या सगळ्या बुळबुळीत होतात. मग एकेक पुसायची, हात पुसायचे, फळी पुसायची. तोवर साबणाचं अर्धं रॅक लावून झालं असतं. नाव गिऱ्हाइकाकडे करून रांग सरळ लावायची, याला ते ‘फेसिंग’ म्हणतात. आणि ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवायचं, याला ‘फेफो’.

बाबा : कसलं फेफो? जुना पुढे, नवा मागे. आम्ही नाव ठेवलं नव्हतं, पण करत तेच होतो.

भाचा : पण गिऱ्हाईक मागूनच काढतं ना! हात कोपरापर्यंत आत घालतात. रात्री लावलेली रांग सकाळी अकरापर्यंत दातपडकी.

बाबा : आमच्याकडे मधे काउंटर होतं, हात पोचायचाच नाही कुणाचा. पण ‘मागचं द्या हो’ म्हणणारी होतीच. मी मागे हात घालायचो आणि पुढचंच द्यायचो.

इतक्यावर दोघांचं एकमत झालं. मग बाबांनी पेपर उचलला आणि ते बिनसलं.

बाबा : हे बघ. दुकानं 24 तास उघडी ठेवायला हरकत नाही, असा शासन निर्णय निघाला ऑक्टोबर 2025 मध्ये. म्हणे मुळात परवानगी होतीच, लोक उगाच अडवत होते. खरंय, 2017 च्या कायद्यातच दिलीय. आमच्या कायद्यात दुकान बंद करायची वेळ होती. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, 1948. त्याच्याआधी 1939 चा होता. मूळ वेळ रात्री साडेआठची. पुढे लांबत गेली, पण वेळ होती आणि इन्स्पेक्टर फिरायचा. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद म्हणजे बंद, तशी पाटीच असायची. ती वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीची नव्हती, मालकाच्याही नव्हती. काउंटरमागे दिवसभर उभा राहतो त्याच्यासाठी होती.

1948 हे बाबांचं लाडकं साल. त्याच वर्षी नायगावात कामगारांनी मिळून अपना बाजार सुरू केला. कामगाराला स्वस्त माल मिळावा आणि तो विकणाऱ्यालाही रात्र मिळावी, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हा योगायोग ते पाहुण्यांना सांगतात. आम्हाला तो पाठ आहे. पण त्या दिवशी भाच्याने तो पुरता होऊ दिला नाही.

भाचा : मामा, त्या कायद्यात वाण्याच्या दुकानातला पोऱ्या कुठे झोपायचा?

बाबा : म्हणजे?

भाचा : शटर साडेआठला खाली. बरोबर? आणि पोऱ्या आत. पोत्यांवर. आमचे पप्पा कुर्ल्याला चार वर्षं तसेच झोपायचे, चौदाव्या वर्षापासून. शटर पडल्यावर डाळ निवडायची, पुड्या बांधायच्या, शेठचा डबा घासायचा. त्यांना ना पगाराची चिठ्ठी, ना पीएफ. इन्स्पेक्टर यायचा तेव्हा त्यांना मागे पाठवायचे. तुमचं भांडार सहकारी होतं, युनियन होती, म्हणून तुम्हाला तो कायदा मिळाला. पप्पांना नाही मिळाला. मला आज निदान चिठ्ठी मिळते. पीएफ कापतात, ईएसआयसी कापतात, पाऊण टक्का. गेल्या वर्षी पाठ धरली तेव्हा मुलुंडच्या कामगार रुग्णालयात दाखवलं, पैसे लागले नाहीत.

बाबा गप्प. कुर्ल्याची गोष्ट त्यांना माहीत होती, आत्याचंच घर ते. पण अशी कायद्याशेजारी ठेवून पाहिलेली नव्हती. मलाही पहिल्यांदाच कळलं की बाबांचं साडेआठ हे सगळ्या मुंबईचं साडेआठ नव्हतं.

बाबा : चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?

आता गप्प बसायची पाळी भाच्याची होती. कारण टी-शर्टवर दुकानाचं नाव आहे, पण गळ्यातलं कार्ड वेगळ्याच एजन्सीचं आहे. त्यांच्या भाषेत तो ‘ऑफ-रोल’. त्याच्या टीममधले दोघं ऑन-रोल, बाकी नऊ जण ऑफ-रोल. अकरा महिने झाले की नवा कागद.

बाबा : आमच्या वडिलांच्या वेळी गिरणीत याला ‘बदली’ म्हणायचे. रोज गेटवर उभं राहायचं, आतला कुणी आला नाही तर याला आत घ्यायचे. पण बदलीवाल्याला एक माहीत असायचं, आपण बदली आहोत. तुला टी-शर्ट देऊन विसरायला लावलंय.

भाचा : विसरलेलो नाही. पण मला तिथे जन्म काढायचा नाहीये मामा. तुम्ही छत्तीस वर्षांच्या हिशेबाने बोलता, मी तीनच्या. आणि रात्रच बरी वाटते मला. दिवसपाळीला सारखं ‘भैया, शॅम्पू किधर है’. शॅम्पूसमोर उभं राहून विचारतात. मॅनेजरचा डोळा, कॅमेऱ्याचा डोळा, गिऱ्हाइकाचा डोळा. बिलिंगच्या मुली दिवसभर उभ्या. आम्ही रात्री क्रेट उलटा घालून बसतो, गाणी लावतो. लावलेली रांग सकाळी बघितली की बरं वाटतं. तासभर तरी ती कुणी मोडलेली नसते.

बसण्याचा मुद्दा त्याने सहज काढला, पण तो मोठा आहे. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानात काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी लागेल, असं कायद्यात लिहिलं. साड्यांच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांनी ते मागून घेतलं होतं. आपल्याकडे भाचा रात्र पत्करतो ती थोडी बसता यावं म्हणूनही. दुसऱ्या कुणाला यात विनोद दिसेल, मला नाही दिसला.

बाबा : आणि झोप?

भाचा : होते.

मी : होत नाही. खोटं बोलू नकोस.

होत नाही, हे मीच सांगायला हवं, कारण दिवसा घरी मी असते. साडेआठला तो आडवा होतो. नऊला शेजारी कुकरच्या शिट्ट्या, दहाला भंगारवाला, अकराला पाणी येतं आणि गल्लीतल्या सगळ्या पिंपांचा एकदम आवाज. बारानंतर पत्रा तापतो. डोळ्यांवर ओढणी बांधून तो दोनपर्यंत कसाबसा पडून असतो. पोलीस भरतीचं पुस्तक उशाशी आहे. दुपारी अभ्यास करीन म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली होती. त्या पुस्तकात बसच्या तिकिटाची खूण आहे, ती गणपतीपासून त्याच पानावर आहे.

रात्रपाळीमुळे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता वाढत असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली म्हटलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून ते मत कायम ठेवलं. शरीराच्या आतल्या घड्याळाचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. योगायोग पाहा, ज्या वर्षी त्या घड्याळाला नोबेल मिळालं त्याच वर्षी महाराष्ट्राने दुकानांचं घड्याळ काढून ठेवलं. (बाबांची योगायोगांची खोड मलाही लागलीय.)

भाचा : ताई, नर्सचं काय? वॉचमनचं? दादरच्या फुलबाजाराचं? वाशीच्या मार्केटचं? अख्खी मुंबई रात्रीच चालते. आपल्या आजोबांनी तिसरी पाळी केलीच ना?

बाबा : केली. अठरा वर्षं. पण ऐक. आमच्या लालबागच्या चाळीत दुपारी पोरांना ओरडायची चोरी होती. ‘तिसऱ्या पाळीचे झोपलेत’ म्हणून कुणीही कुणाच्याही पोराचा कान धरायचा. अंथरूण पाळीपाळीने वापरायचे. एक उठला की दुसरा पडायचा. खानावळवाली जेवण झाकून ठेवायची. सगळ्या चाळीला ठाऊक असायचं कोण कुठल्या पाळीला आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते सगळं गेलं, पण तोवर रात्रीचं काम एकट्याचं नव्हतं. इथे तू रात्री कुठे असतोस हे भिंतीपलीकडच्याला तरी माहीत आहे का?

यावर भाच्याने जे सांगितलं ते ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला.

भाचा : मामा, एक गंमत सांगू? रात्री मी घाटकोपरहून मुलुंडची लोकल पकडतो तेव्हा डब्यात घरी परतणाऱ्यांची गर्दी. सकाळी मुलुंडहून येतो तेव्हा कामाला निघालेल्यांची गर्दी. दोन्ही वेळा मी गर्दीबरोबरच असतो. सकाळी सगळे इस्त्रीचे, पावडर लावलेले, आणि मी त्यांच्या खांद्यावर पेंगतो. शेजारचा वैतागतो. त्याला वाटत असेल, सकाळी सकाळी काय पिऊन आलाय. एकदा एकाने तसं म्हटलंही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी मधे पडले.

मी : मला एक सांग, तुझ्या टीममध्ये बायका किती?

भाचा : एकही नाही. बाईला रात्री ठेवायचं तर संमती घ्यावी लागते, घरापर्यंत गाडी द्यावी लागते. कोण एवढं करतंय?

बाबा : संमती! नोकरीची गरज असलेल्या बाईची संमती ती कसली?

मी : बाबा, तसं बघितलं तर त्याची संमती तरी कुणी विचारली? निदान बाईची विचारायची म्हणून कायद्यात लिहिलंय, रात्री साडेनऊ ते सकाळी सातसाठी. बायकांना रात्रीच्या कामाची बंदी होती तेव्हा आम्ही सुरक्षित नव्हतो, फक्त घरी होतो. गाडीची अट मला चांगली वाटते. मी म्हणते, ती पुरुषांनाही लावा. रात्री एकनंतर लोकल बंद. दीड वाजता कुणाचा हात कापला तर तो घरी जाणार कसा?

माझं मत इथेच सांगून टाकते. बाबांचं साडेआठ परत यावं, असं मला वाटत नाही. येणारही नाही. अंधेरीला भाच्याचा मित्र एका डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींच्या गोदामात, रात्री ऑर्डरी भरतो. तिथे तर शटरच नाही. पहाटे तीनला कुणाला तरी कोथिंबीर हवी असते आणि याला ती मिनिटा-दोन मिनिटांत पिशवीत टाकायची असते. मला खटकतं ते वेगळंच. 2017 च्या मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास होते, आठवड्याला अठ्ठेचाळीस, वर काम केलं तर दुप्पट दर, साप्ताहिक सुट्टी. सगळं आहे. पण पहाटे तीनच्या तासाचा भाव दुपारी तीनच्या तासापेक्षा जास्त असावा, असं त्यात कुठे नाही. जुन्या कायद्याने रात्रीला कुलूप लावलं होतं. नव्याने ते काढलं, पण रात्रीची किंमत काही लावली नाही. मग दुकानाने रात्र का वापरू नये? आणि सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करायलाही मंजुरी दिली.

हे मी बोलूनही दाखवलं. मला वाटलं, भाचा खूश होईल.

भाचा : ताई, तू रात्र महाग केलीस की ते मला काढतील. दिवसा दोन माणसांत भागवतील, पडेना का रॅक रिकामं. मला रात्रीचे म्हणून महिन्याला हजार जास्त मिळतात. त्यांच्या मर्जीने देतात. ते दोन हजार झाले तर आनंदच आहे. पण पाच झाले तर मी संगमेश्वरला.

बाबा : माथाड्यांचं काय झालं मग? पाठीवर ओझं वाहणारी माणसं. कुणाचे नोकर, पत्ता नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, 1969 ला कायदा झाला, मंडळं झाली. मजुरी मंडळात जमा, वर लेव्ही, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी. म्हणून काय बाजार बंद पडला? मशीद बंदरचा बाजार वाशीला गेला तोही माथाडी घेऊनच गेला.

भाचा : ते हजारोंनी होते मामा, एका बाजारात, एका गल्लीत. आम्ही एका दुकानात अकरा जण. त्यातले चार जण दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. मला शेजारच्याचं आडनाव माहीत नाही. त्याला मी ‘तेलवाला’ म्हणतो आणि तो मला ‘साबण’.

बाबांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि लेख लिहायचा म्हणून आता एखादं शोधून काढणार नाही. पवईला 2002 साली पहिलं डीमार्ट उघडलं तेव्हा बाबा मुद्दाम बघायला गेले होते, हे मला त्याच वेळी आठवलं. परत येऊन त्यांनी भावाबद्दल काही सांगितलं नाही, गर्दीबद्दल नाही. एवढंच म्हणाले, “रांगा सरळ आहेत. कोण लावतं, कळत नाही.”

चहा संपला. भाच्याने ओढणी शोधली, पंखा तिसऱ्यावर केला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बाबा उठले, दाराबाहेर गेले आणि पाण्याची पिंपं सरकवणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलाला काहीतरी हळू आवाजात म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. मुलगा आत गेला.

भाच्याची सुट्टी या महिन्यात गुरुवारी असते. सुट्टीच्या रात्रीही त्याला झोप येत नाही. गेल्या गुरुवारी पहाटे तीनला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून मी उठले, तर हा फडताळापुढे बसून मसाल्याची पाकिटं लावत होता. नावं बाहेरच्या बाजूला, एका रेषेत. मार्चमध्ये मुदत संपणारी हळद पुढे, ऑगस्टवाली मागे.

सकाळी बाबांनी चहा टाकताना हळद काढली. मागची.